लिंत्समधला विश्रांतीचा दिवस: पासाउ ते व्हिएन्ना सायकलप्रवासात

जर्मनीतले पासाउ ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हा डॅन्यूब नदीकाठचा सायकलमार्ग साधारण सव्वातीनशे किलोमीटरचा. मित्रांचा गट असला की पाच-सहा दिवस सायकल आणि मध्ये एक दिवस विश्रांती अशी आखणी सोयीची पडते. तो दिवस वाटेवरच्या मेल्क किंवा क्रेम्स या गावी घालवायचा मोह होतो, कारण मधली वाखाउ दरी फार देखणी आहे. पण मेल्क ते क्रेम्स हे पस्तीसेक किलोमीटर सायकलवरून, थांबत थांबत बघायचे आहेत. विश्रांतीसाठी आम्ही त्यांच्या आधी लागणारे लिंत्स शहर सुचवू. पासाउपासून अंदाजे शंभर किलोमीटर, म्हणजे एक तृतीयांश वाट संपलेली असते. सायकलची किंवा शरीराची जी कुरकुर सुरू व्हायची ती एव्हाना सुरू झालेली असते. दुरुस्ती इथे झाली तर तिचा फायदा पुढचे सव्वादोनशे किलोमीटर मिळतो. शिवाय शहर मोठे आहे, त्यामुळे सुटे भाग, लाँड्री, औषधे हे सगळे एकाच गावात मिळते.

वार नीट बघून ठरवा. ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारी कायद्याने संध्याकाळी सहाच्या पुढे उघडी ठेवता येत नाहीत, आणि सायकलवाले पुष्कळदा दुपारीच शटर ओढतात. रविवारी अडचण आलीच तर मोठ्या रेल्वे स्थानकांतली किराणा दुकाने हा एक आधार असतो. सोमवारी बहुतेक संग्रहालये बंद. त्यामुळे मंगळवार ते शुक्रवार यांतला दिवस धरा. खाणावळीच्या दारावर ‘रूहेटाग’ आणि पुढे वार लिहिलेला दिसेल. त्याचा अर्थही विश्रांतीचा दिवसच, फक्त तो त्यांचा. आपला आणि त्यांचा एकाच वारी आला तर संध्याकाळी सात-आठ जणांना उपाशी फिरावे लागते, म्हणून आदल्या रात्रीच चौकशी करा.

दोन्ही रात्री एकाच खोलीत मिळतील असे बुकिंग करा. सामान एकदाच उलगडता येते आणि कपडे वाळायला पूर्ण दिवस मिळतो.

सकाळी सर्वांत आधी कपडे, कारण वाळायला वेळ लागतो तो शॉर्ट्सच्या पॅडला. 30 अंशांवर धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. त्याचा थर बसून कापड घाम शोषेनासे होते. ड्रायरच्या उष्णतेने इलॅस्टिक मरते, म्हणून शॉर्ट्स उलट्या करून कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळा, पिळा आणि वाऱ्यावर टांगा. आज दिवसभर सैल सुती कपडेच घाला. बसायच्या जागी घासले असेल तर ती जागा कोरडी आणि मोकळी राहणे हाच निम्मा उपचार.

मशीन चालू असतानाच सायकली बघून घ्या, म्हणजे दुकान गाठायला दिवस हाताशी राहतो. चेनपासून सुरुवात करा. पट्टीने एका पिनच्या मध्यापासून मोजत चोविसाव्या कडीनंतरच्या पिनपर्यंतचे अंतर घ्या. नव्या चेनमध्ये ते 304.8 मिलिमीटर असते. 306.3 च्या पुढे गेले असेल तर अकरा-बारा गिअरची चेन बदलायला झाली. नऊ-दहा गिअरला थोडी जास्त सूट असते, 307 पर्यंत. चेन चांगली असेल तर कोरड्या फडक्यात धरून पेडल उलटे फिरवत पुसून काढा. मग क्विक लिंकपासून, म्हणजे चेन उघडायच्या खास कडीपासून, सुरुवात करून प्रत्येक रोलरवर एकच थेंब तेल, फेरी पूर्ण होईपर्यंत. दहा मिनिटे थांबा आणि बाहेरचे तेल पूर्ण पुसा. ही शेवटची पायरी लोक टाळतात. बाहेर राहिलेले तेल धूळ धरते आणि ती धूळ रोलरच्या आत कानशीसारखी घासत राहते. डिस्क ब्रेक असेल तर तेलाचा फवारा अजिबात वापरू नका. रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, कण उडाला की ब्रेक किंचाळतो आणि पॅड फेकावे लागतात.

कॅरिअरचे बोल्ट हाताला घट्ट लागले तरी ॲलन कीने तपासा, बहुतेकांना 4 मिमीची लागते. सामानाच्या वजनाने ते थरथरत सैल होतात आणि एक पडला की सगळा भार दुसऱ्यावर येऊन तो तुटतो. विमानातून सायकल आणलेल्यांनी मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, मागून बघावा. मागच्या चाकाच्या मोठ्या दातेरी चकत्यांवर चेन खडखडत असेल तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकलेला असू शकतो, आणि मग केबल कितीही ताणली तरी गिअर बसत नाही. दुकानात तो सरळ करून मिळतो. पण तुटला तर प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, तो ऐनवेळी मिळणे कठीण. घरूनच एक जास्तीचा घेऊन निघा.

दुकानात बोलताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपण ज्याला 700सी म्हणतो त्या टायरला तिथे 28 इंची म्हणतात, आणि प्रेस्टा व्हॉल्व्हला स्क्लाव्हेरांड. सगळ्यात सोपे म्हणजे टायरच्या कडेवरचा 32-622 असा आकडा मोबाइलमध्ये टिपून दाखवायचा.

सीटची उंची बदलायची तर हीच वेळ. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच हलवा. दुपारी पाय मोकळे करायला नदीकाठी अर्धा तास, सामानाशिवाय, हलक्या गिअरवर फिरून या. पायांत जोर लावायचा नाही, एवढेच पथ्य.

उरलेल्या वेळात प्योस्टलिंगबर्ग या शहराजवळच्या टेकडीवर जा, पण ट्रामने. हाउप्टप्लाट्झ या मुख्य चौकातून सुटणारी ही गाडी 1898 पासून चालते आणि दाते नसलेल्या साध्या रुळांवरून 11.6 टक्क्यांपर्यंतचा चढ चढते. वरून डॅन्यूबचा पट्टा आणि उद्याची दिशा दिसते.

शाकाहारी मंडळींनी नावांवर जाऊ नये. ‘लेबरकेझे’मध्ये केझे म्हणजे चीज हा शब्द आहे, पण पदार्थ निव्वळ मांसाचा. ‘फ्रिटाटेनझुप्पे’ हे धिरड्याच्या पट्ट्यांचे सूप दिसायला निरुपद्रवी, पण पाणी सहसा गोमांसाचे. केझेश्पेट्झले (चीज घातलेले पिठाचे छोटे गोळे) किंवा काइझरश्मारन (गोड, जाड धिरड्याचे तुकडे) मागवा आणि ‘वेगेटारिश?’ असे विचारूनच घ्या. नळाचे पाणी पिण्यालायक असते. प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर 2025 पासून 25 सेंट अनामत आहे, रिकाम्या बाटल्या चेपू नका, त्या परत घेणारे मशीन चेपलेल्या घेत नाही.

संध्याकाळी गटाचा हिशेब मिटवा. चार दिवसांपूर्वीचा खर्च व्हिएन्नाला आठवत नाही आणि मग उगाच मने कडू होतात. दिवसभर सगळ्यांनी एकत्रच फिरले पाहिजे, असा आग्रहही नको. रात्रीचे जेवण तेवढे एकत्र ठरवा.

माउथहाउझेनची नाझी काळातली छळछावणी विश्रांतीच्या दिवशी बघायला जाऊ नका. लिंत्सपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, गावाच्या वर टेकडीवर ती आहे आणि तिला निवांत काही तास व मन दोन्ही द्यावे लागते. उद्याच्या वाटेवरच आहे, तेव्हा लवकर निघा. आज आवळलेले बोल्ट पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून पुन्हा एकदा तपासा.