रुआ जावारीवरची एक दुपार

साओ पाउलोत फुटबॉल बघायचं म्हटलं की सगळे मोठ्या स्टेडियमांच्या मागे लागतात. मी शनिवारची दुपार मोओका या वस्तीत, जुव्हेंटस क्लबच्या रुआ जावारी रस्त्यावरच्या छोट्या मैदानात काढली आणि पस्तावलो नाही. मेट्रोच्या रेड लाइनवर ब्रेसर-मोओका स्टेशनला उतरायचं, तिथून वीसेक मिनिटं पायी. वस्ती जुनी, इटालियन मंडळींची. रस्ता चुकलात तर कुणालाही नुसतं 'जुव्हे?' विचारा, हात करून दाखवतात.

क्लब १९२४ सालचा, क्रेस्पी कापड गिरणीच्या कामगारांनी काढलेला. १९१७चा मोठा संप पेटला तो याच गिरणीतून. लालबाग-परळच्या माणसाला हे सगळं फार ओळखीचं वाटतं. गिरणीच्या इमारतीत पुढे सुपरमार्केट आलं, हेसुद्धा! १९३० साली नाव घेतलं इटलीतल्या तुरिनच्या जुव्हेंटसचं, पण जर्सीचा रंग मात्र त्याच शहरातल्या कट्टर वैरी तोरिनोचा, डाळिंबी. त्याच सुमारास बलाढ्य कोरिंथियन्सला त्यांच्याच मैदानात हरवलं आणि 'मोलेके त्राव्हेसो', म्हणजे खोडकर पोरगं, हे नाव चिकटलं. १९८३ साली देशातल्या दुसऱ्या श्रेणीचा चषकही जिंकला, पण लोक अजून खोड्यांच्याच गोष्टी सांगतात.

आत पेलेचा अर्धपुतळा आहे, तो चुकवू नका. २ ऑगस्ट १९५९ला सँतोसकडून खेळताना त्याने इथे गोल केला. एकामागून एक बचावपटूंच्या डोक्यावरून चेंडू उचलला, शेवटी गोलकीपरच्याही, आणि हेडरने जाळ्यात. आपला सर्वांत सुंदर गोल तो हाच म्हणायचा. चित्रीकरण मात्र कुठेच नाही. आपल्यावर गोल चढवणाऱ्याचा पुतळा आपल्याच अंगणात बसवायला मन मोठं लागतं.

मैदान एवढंसं, जेमतेम काही हजारांचं. कुंपणाला टेकून उभं राहिलं की लाइन्समनला घातलेली शिवी त्याला नीट ऐकू जाते, आणि घालणारे आजोबा त्याची खात्रीही करून घेतात. गोलपोस्टमागे पोरं ढोल बडवत असतात. त्यांचं ब्रीद आहे 'आधुनिक फुटबॉलचा कायमचा द्वेष'. मला ते थोडं नाटकी वाटलं, पण दहा मिनिटांत मीही टाळ्या धरल्या.

वर्षानुवर्षं इथे फ्लडलाइट नव्हते, त्यामुळे सामने भर उन्हात व्हायचे. माझाही तीनचाच होता. तेव्हा टोपी आणि पाणी हवंच. निघण्याआधी सामना नक्की इथेच आहे ना, ते क्लबच्या पानावर बघून घ्या. तासभर आधी पोचा, सुटे पैसे जवळ ठेवा. कोरिंथियन्स किंवा पाल्मेइरासची जर्सी घालून जाऊ नका, उगाच टोमणे खाल.

आणि कानोली. कुरकुरीत नळीत क्रीम भरलेली ही इटालियन मिठाई इथे मध्यंतराला मिळते, सामन्याइतकीच प्रसिद्ध आहे. रांग चाळिसाव्या मिनिटालाच लागते. तेव्हाच उठा, मैदानात काहीही चाललेलं असो. मी एका कॉर्नरसाठी थांबलो. कॉर्नर बाहेर गेला, आणि माझा नंबर येईपर्यंत ट्रेमध्ये नुसती पिठीसाखर उरली होती.