मायलेजची वही : श आणि ह एकदाचे सुटले

मागच्या नोंदीत ‘ह’, म्हणजे हायवेवर एका किलोमीटरला लागणारं पेट्रोल, ऋण आला होता. म्हणजे नवले पूल ओलांडून हायवेला लागलं की माझी गाडी पेट्रोल पिणं सोडून टाकीत भर घालायला लागते! त्याचा छडा लागलाय.

नव्यांसाठी मांडणी पुन्हा सांगतो. श म्हणजे शहरात एका किलोमीटरला लागणारं पेट्रोल, ह म्हणजे हायवेवर लागणारं, दोन्ही लिटरमध्ये. किमी प्रति लिटर अज्ञात धरलं की ते छेदात जाऊन बसतं आणि समीकरण रेषीय राहत नाही. शिवाय सरासरीची फसगत वेगळीच. जाताना १२ आणि येताना तेवढ्याच अंतराला २० पडलं, तर एकूण १६ नाही, १५ येतं. लिटर प्रति किमी धरा, सरळ बेरीज होते.

तर तेव्हाच्या दोन भरण्या अशा होत्या (डावीकडे शहरातले आणि हायवेवरचे किमी, उजवीकडे टाकी पुन्हा भरायला लागलेले लिटर):

३८०श + ३०ह = ३२.२
४००श + ३५ह = ३३.६

सोडवलं तर ह = −०.०८६. दोन्ही आठवडे ऑफिसचे, त्यामुळे या दोन रेषा आलेखावर जवळजवळ एकमेकींवर पडतात. छेदनबिंदू जरा धक्का लागला की कुठच्या कुठे जातो. आणि धक्का दिला होता पंपावरच्या पोराने. पहिल्या भरणीला ऑटो कट झाल्यावर, म्हणजे टाकी भरून नोझल आपोआप बंद पडल्यावर, “साहेब, राउंड फिगर करू का?” म्हणाला आणि मी मान डोलावली. नोझल दोनदा टकटक करून त्याने थोडं जास्तीचं कोंबलं. ते पाव लिटर धरून बघितलं. पहिलीत जास्तीचं गेलं म्हणून दुसरीत तेवढं कमी मावलं, तेव्हा पहिल्या भरणीतून वजा, दुसरीत जमा. ह लगेच धन, ०.०६४! अर्थात या आकड्यावरही मी फार विसंबणार नाही.

मग मुद्दाम वेगळ्या धाटणीच्या दोन टाक्या घेतल्या. एकीत साताऱ्याची फेरी आणि बाकी गावातली वणवण, दुसरीत कोल्हापूर. पंप तोच, नोझल पहिल्यांदा कट झालं की बस, सुटे पैसे मी देईन असं आधीच सांगून ठेवलेलं.

२४०श + २००ह = २९.४
१००श + ४६०ह = ३१.१

दुसऱ्याला २.४ ने गुणून पहिलं वजा केलं: ९०४ह = ४५.२४, म्हणून ह = ०.०५. श आला ०.०८०८. उलटे केले की हायवेला २०, शहरात १२.४. खंबाटकी घाट धरून २० म्हणजे तक्रारीला जागा नाही. दोन्ही टाक्या मिळून १००० किमीला ६०.५ लिटर, म्हणजे १६.५. डॅशबोर्ड मात्र १७.६ दाखवत होता. त्याचं आता मनावर घेत नाही.

पुढचा अज्ञात ‘त’: गाडी उभी असताना, एसी चालू ठेवून, ताशी किती लिटर. श मध्ये सिग्नलवरचं जळणं मिसळलेलं आहे, ते वेगळं काढायचंय. तीन अज्ञात म्हणजे किमान तीन टाक्या, तीनही एकमेकींसारख्या नकोत. त्यातली एक पहाटे साडेपाचला गावात फिरून संपवावी लागणार. सिग्नलला स्टॉपवॉच दाबायचं काम बायकोने एक दिवस केलं, दुसऱ्या दिवशी फोन माझ्या हातात परत दिला. या भरणीत उभं राहण्याचा वेळ आत्तापर्यंत २ तास ५० मिनिटं, आणि टाकी अजून अर्धी आहे.