टिटवीचं घरटं आणि माझे चार दगड

टिटवी जिथे ओरडते तिथे तिचं घरटं नसतं. माणूस लांबून दिसला की ती गुपचूप उठते, मान खाली घालून पंधरा-वीस पावलं चालते आणि मग कल्ला करते. घरटं हवं असेल तर दुर्बीण लावून बसायचं, ती परत कुठे टेकते ते बघायचं. वनरक्षकाच्या नोकरीत हे मला माळानेच शिकवलं.

यंदा सोलापूरच्या माझ्या बीटात, म्हणजे माझ्या राखणीच्या हद्दीत, तिने जाळरेषेतच अंडी घातली. वणवा अडवायला आम्ही गवत काढून तो पट्टा उघडा करतो, आणि तिला नेमकी तशीच जागा लागते. खड्यांच्या वाटीत चार अंडी, निमुळती टोकं आत, मातकट रंगावर काळे डाग. कुणाचा पाय पडू नये म्हणून मी भोवती चार दगड मांडले. अंडी उबायला 28-30 दिवस लागतात.

त्या दिवशी उबवणीचा विसावा दिवस होता. सकाळी मेंढरं थेट तिकडेच वळली. मी धावणार, तोच धनगर मामा म्हणाले, "थांबा सायब, ती हलायची न्हाई. मेंढरंच वळत्यात." खरंच, ती अंड्यांपाशी पंख पसरून उभी राहिली आणि कळप दोन्ही अंगांनी फुटून गेला. तासाभराने गावातलं कुत्रं आलं, तर नर-मादी दोघं आळीपाळीने त्याच्या टाळक्यावर झेपावली. पार बांधापलीकडे घालवलं. मेंढी तुडवते, कुत्रं खातं. हे तिला बरोबर कळतं.

दुपारी मी पाणवठ्यात टँकर रिकामा करून घेत होतो. ओरडणं ऐकू येत होतं. उठलो नाही.

गेलो तेव्हा दोन कॅमेरेवाले बसलेले. दगडांवरून त्यांना जागा सापडली होती. "आम्ही हातही लावला नाही," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. वीस पावलांवर अर्धा तास बसले, जोडी त्यांच्याच डोक्यावर घिरट्या घालत राहिली आणि इकडे बाभळीवरचे कावळे खाली उतरले. तो फोटोही त्यांनी मला दाखवला. कौतुकाने.

त्यांना हाकललं. संतापाने माझे हात कापत होते. मग टिटवी पाणवठ्यावर गेली. उन्हाच्या तापात अंडी गार ठेवायला ती पोट भिजवून आणते, तशीच ओली होऊन परत आली आणि रिकाम्या वाटीवर बसली.

संध्याकाळी मी ते चारही दगड उचलले.