मिलिटरीत नव्हतो, फाउंड्रीत होतो

घरी पहिल्यांदा आलेला माणूस काचेच्या कपाटापुढे थांबतो, आत ओळीने मांडलेले बोटभर रणगाडे बघतो आणि विचारतो, "मिलिटरीत होता काय?" तुम्हीही परवा तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकतो.

बेळगावात हा प्रश्न पडणारच. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथं १९२२ पासून आहे. पहाटे कॅम्पाकडे फिरायला गेलं की पळणारे रंगरूट दिसतात, आणि खानापूर तालुक्यात फौजी नाही असं घराणं शोधावं लागेल. आमच्या घराण्यात मात्र कोणी गेलं नाही. माझी सगळी नोकरी इथल्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात गेली, फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये. ओतकामासाठी लागणारा लाकडी नमुना करायचा, म्हणजे वाळूत त्याचा साचा उठतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना शेकड्याला एक आकसतं, स्टील दोनच्या आसपास, म्हणून नमुना तेवढा मोठा धरायचा. रणगाड्यांकडे मी वळलो तो या वाटेने. लढाया नंतर वाचल्या.

शर्मनचंच बघा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हजारोंनी काढलेला रणगाडा. त्यातल्या साध्या एम-४ चं वरचं धड पोलादी प्लेटा वेल्ड करून केलेलं, कडा सरळ. एम-४ ए-१ चं तेच धड मात्र एकसंध ओतलेलं, सगळीकडून गोलाई. आतलं इंजिन एकच. मग दोन तऱ्हा कशाला? एवढं मोठं कास्टिंग काढू शकणाऱ्या फाउंड्र्या मोजक्याच, आणि रणगाडे तर ताबडतोब हवेत; मग ज्याच्याकडे जी सोय, त्याने तसं करावं. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही. एका रणगाड्याचं अख्खं धड एका ओतात! पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात ती रेघ, कुठून नेली असेल, आतली पोकळी राखणारे कोअर कसे बसवले असतील, जादा धातूचे खुंट, म्हणजे रायझर, कापून कुठं घासले असतील, हेच डोक्यात.

जोडायच्या मॉडेलचं किट आणलं, खोका उघडला, तर सगळे कामावरचेच सोबती. माल साच्यात नेणाऱ्या वाटा म्हणजे रनर आणि गेट, कडेला निसटलेला पातळ पापुद्रा म्हणजे फ्लॅश, आणि पार्टिंग लाइन. फरक एवढाच की इथं वाळूच्या जागी स्टीलची डाय, म्हणजे कायमचा साचा, आणि बिडाच्या जागी प्लॅस्टिक. आणि इथंच माझं भांडण सुरू होतं. डायमधून आलेला टरेट, म्हणजे तोफेसकट फिरणारा वरचा घुमट, गुळगुळीत असतो. वाळूत ओतलेलं स्टील तसं कधीच नसतं. नगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन या अमेरिकन रणगाड्यासमोर उभं राहा, खडबड लांबूनही जाणवते.

ती खडबड आणायची कशी? गाड्यांच्या रंगाच्या दुकानात एनसी पुट्टी मिळते, ती थिनरने दुधाइतकी पातळ करायची. जुन्या ब्रशचे केस आखूड कापून, जवळजवळ कोरड्या ब्रशने टरेटवर उभे ठोके द्यायचे. फासायचं नाही, ठोकायचं. थिनर प्लॅस्टिकला खातो, म्हणून एका जागी दोनदा जायचं नाही. वाळलं की हजार नंबरच्या पॉलिशपेपरने पाण्यात हलक्या हाताने उतरवायचं, इतकं की डोळ्याला जेमतेम दिसेल पण बोटाला कळेल. माझं प्रमाण १:७२. खऱ्या टरेटवरची दोन मिलिमीटरची खडबड इथं ०.०३ मिलिमीटर होते, केसाच्या जाडीपेक्षा कमी. हौशी मंडळी व्हिडिओ बघून टरेटची पार संत्र्याची साल करतात. अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा म्हणजे खऱ्यावर ३६ मिलिमीटर झाला! असलं कास्टिंग आमच्या इन्स्पेक्टरने थेट रिजेक्टच्या ढिगात फेकलं असतं. आणि प्लेटेवर तर पुट्टी लावायचीच नाही. सेंच्युरियन या ब्रिटिश रणगाड्याच्या टरेटच्या बाजू ओतीव, पण छताची प्लेट वेल्ड केलेली. तिथं ब्रश थांबला पाहिजे. एखाद्याने मॉडेल दाखवलं की मी आधी तेवढंच बघतो. आगाऊपणा आहे, पण सवय जात नाही.

शेजारची पोरं वेगळंच विचारतात. "मामा, हे चालतंय काय?" नाही चालत. पण तो प्रश्न बावळट नाही. आज जगभर रणगाड्यांच्या मॉडेलचं सगळ्यात रुळलेलं प्रमाण १:३५ आहे, ते जपानच्या तामियाच्या पँथरवरून आलं. आणि तो पँथर आतमध्ये मोटर आणि बॅटऱ्या बसाव्यात एवढ्या मापाचा केलेला होता. चालणारं खेळणं म्हणूनच ते प्रमाण जन्मलं. त्या मापात शर्मन जवळजवळ १७ सेंटिमीटर होतो, माझ्याकडे आठ. कपाट एकच आहे आणि ते हिच्या माहेरचं आहे, एवढं कारण पुरे.

सध्या टेबलावर १९६५ चा पॅटन आहे, असल उत्तरचा. पंजाबात खेमकरणजवळ आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडलं, उभ्या उसात दबा धरला, आणि पाकिस्तानचे पॅटन चिखलात रुतले. त्यांच्यासमोर आपल्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे जुने शर्मनही होते आणि जीपवरच्या तोफेमागे अब्दुल हमीद होते. उभ्या उसात चार हातांपलीकडचं दिसत नाही, हे चिकोडी-अथणीकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. एम-४८ पॅटनचं धड आणि टरेट दोन्ही ओतीव, कास्टिंग म्हणून बघाल तर हेवा वाटावा असं काम. ते चिखलाने अडवलं.

तो चिखल करायचा तर आपली खानापूरकडची तांबडी माती कामाची नाही, पंजाबचा गाळ फिकट, राखाडीकडे झुकणारा. अथणीची काळीही चालत नाही. शेवटी उपाय सापडला तो फाउंड्रीतच. साच्याच्या वाळूला चिकटपणा यावा म्हणून घालतात ते बेंटोनाइट, त्याची पूड, थोडं फेविकॉल, पाणी आणि रंगाचा एक थेंब. रंग नेमका जुळतो. जाड थापलं तर वाळताना तडे जातात, म्हणून पातळ थर एकावर एक. चाकांच्या मध्ये टूथपिकने भरायचं, पट्ट्यावर आधी ओलं असतानाच दाबायचं.

हे झालं की टी-९० भीष्म. समोरच्या घरातला मुलगा रणगाडा दलात आहे, त्याच्या आईला शोकेसमध्ये ठेवायला हवाय. नाही म्हणता येत नाही, पण मन लागत नाही. आपल्या भीष्मचा टरेट वेल्ड केलेल्या प्लेटांचा, कारण आता चिलखताच्या आत थर भरतात आणि त्याला पेटीसारखी रचना सोयीची पडते. पुट्टीचं काहीच काम नाही. वहिनींना सांगितलंय, दिवाळीपर्यंत देतो.