दम्याच्या इंजेक्शनला ‘ओपीडी’ म्हणू देऊ नका : माझा अनुभव

ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन टोचायला मिनिटभरही लागत नाही. त्याचे पैसे मेडिक्लेममधून सुटायला मला साडेतीन महिने लागले, आणि ते सगळे ‘ओपीडी’ या एका शब्दापायी गेले. पहिल्या डोसचे पैसे तर बुडालेच. दम्यावरच्या नव्या औषधांबद्दल हल्ली बरंच छापून येतं, पण त्यांच्यासाठी लागणाऱ्या कागदांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हा उद्योग.

औषधाचं आधी थोडक्यात. ज्यांचा दमा ॲलर्जीचा आहे त्यांच्या रक्तात आयजीई नावाची प्रतिपिंडं जास्त असतात. धूळ, माइट (धुळीतले सूक्ष्म किडे) किंवा परागकण आले की ती मास्ट पेशींना, म्हणजे ॲलर्जीची रसायनं सोडणाऱ्या पेशींना, चेतवतात आणि श्वासनलिका आवळतात. ओमॅलिझुमॅब रक्तातल्या मोकळ्या आयजीईलाच धरून ठेवतं. अमेरिकेत त्याला 2003 मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींवर काम करणारी औषधं आली : मेपोलिझुमॅब 2015 मध्ये, बेनरालिझुमॅब 2017 मध्ये. नावाच्या शेवटी ‘मॅब’ असलं की ती मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं एकाच प्रकारचं प्रतिपिंड, एवढं पक्कं लक्षात ठेवा. पुढे भांडताना हेच कामाला येतं.

हे इंजेक्शन कुणालाही देत नाहीत. स्टेरॉइडचा पंप मोठ्या मात्रेत, जोडीला लांब पल्ल्याचं श्वासनलिका रुंदावणारं औषध, पंप ओढायची पद्धत तपासलेली, आणि तरीही वर्षात दोन किंवा जास्त वेळा प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या, गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागलेला, अशा रुग्णांसाठी ते आहे. तपासण्या दोन दिवसांत उरकल्या, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्रा वजन आणि आयजीई यांच्या तक्त्यावरून ठरते. माझं वजन 64 किलो, आयजीई 180, म्हणून 300 मिलिग्रॅम दर 4 आठवड्यांनी. तेवढ्याच वजनाला आयजीई 350 असता तर महिन्याला 450 लागले असते. म्हणजे बिलही दीडपट. म्हणून वजन त्याच दिवशी, त्याच काट्यावर करून घ्या आणि कागदावर लिहून घ्या. माझ्या एका कागदावर 64 आणि दुसऱ्यावर अंदाजे लिहिलेले 70 होते, आणि त्यावरून एक अख्खी क्वेरी, म्हणजे विम्याकडून खुलाशाची मागणी, आली.

आता मुख्य दुखणं.

पहिला डोस मी डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत घेतला. बिल ओपीडीच्या खिडकीवर झालं : ‘इंजेक्शन चार्जेस’, आणि औषधाची वेगळी पावती. रक्कम पाच आकडी. ती फाइल विमा कंपनीकडे गेली आणि आठवड्यात परत आली : बाह्यरुग्ण उपचार, देय नाही. यात मात्र कंपनीची चूक शोधायला जाऊ नका. कागदच ओपीडीचा असेल तर तो कुणाच्याही बापाला बदलता येत नाही.

दुसऱ्या वेळी मी रुग्णालयातल्या टीपीए डेस्कवर (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारी संस्था) जाऊन डे-केअर, म्हणजे काही तासांपुरती, ॲडमिशन मागितली. डेस्कवरचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, इंजेक्शनच तर आहे, त्याला ॲडमिशन कशाला?” इथे गप्प बसायचं नाही. ॲडमिशन लागते, आणि तिला वैद्यकीय कारण आहे. या औषधाने हजारात एखाद-दोन जणांना ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, आणि तीही पहिल्याच डोसला होईल असं नाही. म्हणून पहिल्या तीन डोसनंतर 2 तास आणि पुढे प्रत्येक वेळी अर्धा तास रुग्णावर नजर ठेवायची पद्धत आहे. मांडीच्या स्नायूत द्यायचं ॲड्रेनलिन (मोठ्यांना 0.5 मिलिग्रॅम) हाताशी तयार लागतं. खाट, नर्स आणि नोंदी असलेली जागा हवी, ती यासाठी.

ॲडमिशन मिळाली, तरी कॅशलेस नाकारलं. पत्रात दोन वाक्यं होती. पहिलं : 24 तास भरती नाही. दुसरं : डे-केअरच्या व्याख्येत बसत नाही. ही व्याख्या वाचण्यासारखी आहे. भूल देऊन केलेला, तंत्रज्ञान सुधारल्यामुळे 24 तासांच्या आत उरकणारा, एरवी भरती व्हावं लागलं असतं असा उपचार म्हणजे डे-केअर. ज्या गोष्टी सहसा ओपीडीत होतात त्या यात धरत नाहीत. कातडीखाली टोचायच्या इंजेक्शनला भूल कुठली? तेव्हा व्याख्येवर वाद घातलात तर हरणार. मी दोन आठवडे तिथेच डोकं आपटलं.

वाद घालायचा तो दुसऱ्या कलमावर. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये आधुनिक उपचारांची 12 नावांची यादी दिली आणि 1 ऑक्टोबर 2020 पासून हे उपचार पॉलिसीतून वगळता येत नाहीत. त्यात रोबोटिक शस्त्रक्रिया आहे, तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी आहे, दम्यासाठीची ब्रॉन्कियल थर्मोप्लास्टीही आहे, आणि पाचव्या क्रमांकावर ‘इम्युनोथेरपी : इंजेक्शनने द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी’ असं स्पष्ट लिहिलंय. आरोग्य संजीवनीसारख्या साच्यातल्या पॉलिसीत हे उपचार भरती होऊन किंवा डे-केअर म्हणून रुग्णालयात घेतले तर देय आहेत, असं वाक्यच आहे. भूल वगैरेची अट तिथे नाही. माझ्या पॉलिसीतही ते होतं, मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत. तुमच्या पॉलिसीत ‘आधुनिक उपचार’ हा मथळा शोधा, त्या पानाची प्रत काढा, ओळीखाली पेनाने रेघ मारा आणि ती प्रत प्रत्येक पत्राला जोडा.

यावर टीपीएच्या डॉक्टरचं उत्तर असं की इम्युनोथेरपी ही कॅन्सरसाठी असते. कलमात कुठल्याही आजाराचं नाव नाही. ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्यास’ एवढीच अट आहे. मी एका ओळीचं उत्तर पाठवलं : कलमात ‘कॅन्सर’ हा शब्द कुठे आहे ते पान क्रमांकासह कळवावं. ते अर्थातच आलं नाही. त्याऐवजी चार दिवसांनी नवी क्वेरी आली.

क्वेरींची गंमत अशी की त्या रुग्णाला दिसतच नाहीत. त्या रुग्णालयाच्या लॉगिनवर येतात. डेस्कवरचा माणूस जेवायला गेला असेल, तर तुमची क्वेरीही जेवायला गेली. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय तासाभरात व्हायला हवा. पण माझ्या वाट्याला आलेला तास प्रत्येक क्वेरीनंतर नव्याने सुरू व्हायचा. म्हणून सांगते, उपचाराच्या तीन-चार दिवस आधीच प्री-ऑथ, म्हणजे कॅशलेसच्या आगाऊ मंजुरीचा अर्ज, पाठवा, आणि मंजुरी हातात आल्याशिवाय नर्सला कुपी उघडू देऊ नका. हे औषध भुकटीच्या रूपात येत असेल तर 150 मिलिग्रॅमच्या कुपीत 1.4 मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून हळूहळू फिरवत विरघळवतात. हलवलं तर फेस होतो. पूर्ण विरघळायला 15 ते 20 मिनिटं जातात. एकदा मिसळलं की फ्रिजमध्ये 8 तास आणि बाहेर 4 तास, एवढंच आयुष्य. तुमची क्वेरी त्याच्या आत सुटेलच, याची खात्री कोण देणार?

एकूण पाच क्वेरी आल्या. आधीच्या उपचारांचे कागद, आयजीईच्या अहवालाची मूळ प्रत, वजनातला फरक, कुपीचा बॅच क्रमांक आणि ‘दमा कधीपासून’. बॅच क्रमांकासाठी रिकामी खोकी फेकू नका. खोक्याचा तो भाग कापून इनडोअर केसपेपरवर चिकटवा आणि नर्सची सही घ्या. ‘कधीपासून’ हा मात्र सापळा आहे. घाईत निवासी डॉक्टर ‘लहानपणापासून दमा’ असं लिहून मोकळे होतात. पॉलिसी घेतानाच्या प्रस्तावाच्या अर्जात तुम्ही वेगळं वर्ष लिहिलं असेल, तर माहिती लपवल्याचा आरोप तयार. दाखल होताना इतिहासाची ती ओळ स्वतः वाचा, चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. खोटं लिहून घ्यायला सांगत नाही, जे खरं आहे तेच दोन्हीकडे एकसारखं असावं. पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल, तर फसवणूक वगळता जुन्या माहितीवरून दावा नाकारता येत नाही. माझ्या पॉलिसीला सात वर्षं झाली होती. तरीही विचारलं.

डॉक्टरांचं पत्र कसं हवं, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. पहिल्या पत्रात ‘रुग्णास ओमॅलिझुमॅबची गरज आहे’ एवढंच होतं. शेवटी चाललेल्या पत्रात होतं ते असं : निदान आणि त्याचा आयसीडी कोड, म्हणजे आजाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक (ॲलर्जिक दम्याला जे45.0), सध्याच्या पंपाचं नाव आणि रोजची मात्रा, गेल्या 12 महिन्यांतले स्टेरॉइड कोर्स तारखांसह, आयजीई आणि वजन आणि त्यावरून आलेली मात्रा, निरीक्षण का लागतं, आणि 16 आठवड्यांनी परिणाम पाहून पुढचं ठरवू हे वाक्य. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ‘आयुष्यभर लागेल’ असं वाचलं की कंपनीच्या पोटात गोळा येतो. 16 आठवडे हा काही पळवाटेचा आकडा नाही, औषध लागू पडतं की नाही हे खरंच तेव्हा ठरवतात.

डे-केअर समरीत वेळा लिहून घ्या : दाखल किती वाजता, टोचलं किती वाजता, नंतर दर अर्ध्या तासाला नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, पीक फ्लो (फुंकरीचा वेग). 300 मिलिग्रॅम म्हणजे दोन टोचण्या, कारण एका जागी 150 पेक्षा जास्त देत नाहीत. दोन्ही जागा लिहिलेल्या हव्यात.

तक्रारीची पायरी सांगायची राहिली. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल, 14 दिवसांत उत्तर यायला हवं. त्याच दिवशी विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंद करा, किंवा 155255 वर फोन करून टोकन क्रमांक घ्या. हा क्रमांक ईमेलच्या विषयात टाकल्यावर भाषा लगेच मऊ होते, असं मला दिसलं. नकाराच्या पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम मागा. कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही, ती मंजुरी झाली का, हेही विचारा. मी विचारलं आणि नकाराचं पत्र ‘पुनर्विचाराधीन’ झालं. महिनाभरात काही झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील चालत नाही, मर्यादा 50 लाख, नकारापासून वर्षाच्या आत अर्ज. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत केळकर रस्त्यावर आहे. गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयात जातात. माझा अर्ज टाइप करून तयार होता, द्यावा लागला नाही.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. रक्तातल्या इओसिनोफिलची तपासणी प्रेडनिसोलोन सुरू करायच्या आधी करा. गोळ्यांनी आकडा पडतो, आणि मेपोलिझुमॅब किंवा बेनरालिझुमॅबसाठी तोच आकडा पाहतात. दुसरं, आयजीई 500 च्या वर असेल तर आधी अस्परजिलस बुरशीची ॲलर्जी तपासतात, तिचा उपचार वेगळा आहे. आणि हो, स्पायरोमेट्रीआधी (फुंकर मारून श्वासाची क्षमता मोजायची तपासणी) साल्ब्युटामॉल, म्हणजे धाप लागल्यावर ओढायचा पंप, निदान 4 तास आणि दोन वेळचा पंप 24 तास बंद ठेवायचा, तेही डॉक्टरांना विचारून. नाहीतर फुंकर चांगली येते आणि टीपीए विचारतो, मग एवढं महाग औषध कशाला? पंपानंतर फुंकरीत 12 टक्के आणि 200 मिलिलिटरची वाढ दिसली, तर तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.

बेनरालिझुमॅब पहिल्या तीन डोसनंतर दर 8 आठवड्यांनी द्यायचं असतं, म्हणजे पहिल्या वर्षाला 8 फायली. माझ्या औषधाच्या 13. औषध तपासण्यांवरून ठरतं, फायलींवरून नाही, हे मान्य. पण त्या दिवसांत मला तो हिशोब वारंवार आठवायचा.

चौथा डोस कॅशलेस झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्याचे पैसे मागाहून खात्यात आले, मंजुरीच्या पत्रात कलम तेच, पाचव्या क्रमांकाचं. पंप चालूच आहे, तो इंजेक्शन सुरू झालं म्हणून सोडायचा नसतो. गोळ्यांचा कोर्स या चार महिन्यांत लागला नाही. उपचारावर आयजीईचा आकडा उलट वाढलेला दिसतो, कारण औषधाला चिकटलेलाही मोजला जातो. तेव्हा ‘आयजीई वाढला, औषध बंद करा’ अशी क्वेरी आली, तर घाबरू नका, डॉक्टरांकडून एक ओळ लिहून घ्या.

आधुनिक उपचारांना कंपनी वेगळी मर्यादा लावू शकते, आरोग्य संजीवनीत ती विमा रकमेच्या 50 टक्के आहे. वर्षाचा खर्च त्यात बसतो का, ते नूतनीकरणाआधी मोजा. प्री-ऑथ मात्र दर महिन्याला नवं भरावं लागतं, जुना क्रमांक चालत नाही.