चंद्रताल : आम्ही चुकलो, तुम्ही चुकू नका

गणपती झाले आणि आम्ही पाच जण कोल्हापूरहून निजामुद्दीनच्या रेल्वेत बसलो. ही गाडी आठवड्यातून एकदाच, त्यामुळं आधी तिकीट बघा मग सुट्टी टाका, आम्ही उलटं केलं आणि दोघं शेवटपर्यंत वेटिंगवर. दिल्लीतून रात्रीच्या बसनं मनाली, एक मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टॅक्सीनं थेट चंद्रताल, म्हणजे हिमाचलातलं उंचावरचं तळं. इथंच माती खाल्ली.

मनाली साधारण २००० मीटर आणि चंद्रताल ४२५० च्या आसपास, आपला पन्हाळा हजारसुद्धा भरत नाही. एवढी चढण एका दिवसात! कुंझुम खिंडीच्या अलीकडं बॅगेतलं भडंगाचं पाकीट काढलं तर ते फुग्यासारखं टम्म फुगलेलं, आम्ही हसत बसलो, पण बाहेरची हवा विरळ झालीय हे त्या पाकिटाला कळलं, आम्हाला नाही. आमच्यातला एक गडी तालमीतला, रोजचे पाचशे जोर, वाटभर बाकीच्यांना चिडवत आला आणि रात्री कॅम्पवर पहिला तोच आडवा. डोकं फुटायची वेळ, दोनदा उलटी, समोरच्या राजमा-चावलकडं बघवेना. रात्रभर आळीपाळीनं त्याच्याजवळ बसलो.

म्हणून सांगतो, वेळ असेल तर शिमला, कल्पा, ताबो, काझा असं उंची हळूहळू वाढवत या आणि चंद्रताल शेवटी करून मनालीला उतरा. डायमॉक्स, म्हणजे उंचीवरच्या विरळ हवेच्या त्रासावरची गोळी, घ्यायची तर कोल्हापुरातच डॉक्टरना विचारून. डोकं दुखायला लागलं तर वर जायचं नाही, वाढलं तर सरळ खाली उतरायचं, तिथं मर्दुमकी नको.

मनाली-चंद्रताल वाटेवरचा ग्राम्फू ते बातल रस्ता म्हणजे निव्वळ दगडधोंडे. दुपारी ऊन वाढलं की बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं, बाईकवाले हमखास अडकतात, तेव्हा हा पट्टा सकाळीच उरका. मोबाईलला रेंज नाही, घरी आधीच सांगून ठेवा नाहीतर आई पोलिसात जाईल. पैसे रोख ठेवा. तळ्याच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे, २००५ पासून ही रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराखाली जपलेली, पाणथळ जागा आहे, त्यामुळं कॅम्प दोन-तीन किलोमीटर अलीकडं. पार्किंगपासून पुढं चालतच. पाण्यात उतरायला पण मनाई, आणि तसंही बोट बुडवलं की कळ डोक्यात जाते. पहाटे टेंटबाहेरच्या बाटलीत बर्फाचा पापुद्रा धरला होता, थर्मल आणि कानटोपीशिवाय जाऊ नका.

सकाळी एक जण त्या गड्याजवळ थांबला आणि आम्ही तिघं पळत जाऊन तळं बघून आलो. वारा सुटायच्या आत पोचा. पाणी इतकं गप्प की तळाचे गोटे मोजावेत, समोरचा बर्फाचा डोंगर जसाच्या तसा उलटा, मग ऊन खाली सरकलं आणि करडं पाणी बघता बघता हिरवं, मग निळंशार झालं. तासभर एकानंही तोंड उघडलं नाही, आमच्या ग्रुपमध्ये हे प्रथमच.

लगेच उतरायला लागलो. मनाली जवळ आल्यावर गडी उठून बसला, पराठा मागितला, मग फोटो बघितले. बराच वेळ बघितले. म्हणाला, "रंकाळ्यावर भेळ खायला घालायची, पाचही जणांची, पैसे तुमच्या तिघांचे."