पोच येईपर्यंत थांबलेला व्हिडिओ

मार्चमधली दुपार. नाशिकच्या आडगाव नाक्यावरच्या एका द्राक्ष निर्यातदार काकांचा फोन आला. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात त्यांचा कंटेनर उघडला होता. देठ वाळलेत, असं तिकडच्या व्यापाऱ्याचं म्हणणं, आणि पुरावा म्हणून त्याने पाठवलेला व्हिडिओ काही केल्या चालेना. उत्तर संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.

जाऊन पाहतो तर चार सेकंद चित्र, की पुन्हा चकरी. स्पीड टेस्टला मात्र नव्वद मेगाबिटच्या वर. नेटवाला दोनदा येऊन ‘लाइन ओके’ सांगून गेलेला, राऊटरही नवा. लाइन खरंच ओके होती, कारण त्याच वायफायवर काकांच्या मोबाइलवर व्हिडिओ अडखळत नव्हता. पण एवढ्याशा पडद्यावर देठाचा रंग काय कळणार?

म्हणजे खोट कॉम्प्युटरमध्ये. तिकडच्या सर्व्हरला पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत यायचा वेळ, १६० मिलिसेकंद, आणि वेग सव्वातीन मेगाबिटला खिळलेला. ना खाली, ना वर. लाइन खराब असली की आकडा नाचतो, असा खिळून राहत नाही. ६५,५३५ बाइटांना, म्हणजे जवळपास ६४ केबीला, ०.१६ सेकंदाने भागून बिटांत मांडलं की बरोबर हाच वेग येतो. मी कमांड चालवून टीसीपीच्या, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवायच्या नियमांच्या, सेटिंग पाहिल्या. रिसीव्ह विंडो ऑटो-ट्यूनिंग: डिसेबल्ड. म्हणजे पोच देण्याआधी एका वेळी किती डेटा घ्यायचा, ती ‘खिडकी’ आपोआप मोठी होणं बंद.

काकांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. ६४ केबीची एक गाडी सुटते, तिची पोच आल्याशिवाय दुसरी सुटत नाही. स्पीड टेस्टचा सर्व्हर मुंबईत, तिथली पोच लगेच येते, म्हणून टेस्ट छान. रॉटरडॅमची यायला वेळ लागतो. ही ६४ केबीची मर्यादा ओलांडायची सोय टीसीपीत १९९२ पासून आहे, आणि व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज ती खिडकी गरजेप्रमाणे आपोआप मोठी करतं. त्या काळात काही जुन्या राऊटरना ते झेपत नसे, म्हणून ‘हे बंद करा’ असा सल्ला फिरायचा. राऊटर गेले, सल्ला राहिला. कुणीतरी ‘नेट फास्ट करून देतो’ म्हणत इथेही तो वापरला होता. असल्या उद्योगांचा मला मनापासून राग येतो. समोरच्याचं पीक त्यावर अडकलेलं असतं.

सेटिंग ‘नॉर्मल’ केली. जुनी कनेक्शनं जुन्याच खिडकीवर चालू राहतात, म्हणून ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला.

व्हिडिओ सलग चालला. काकांनी एका पेटीवर थांबवला आणि चष्मा वर करून अगदी पडद्याजवळ गेले.

“हा बघ, हिरवा आहे. वरच्या थरातलेच तेवढे सुकलेत.” मग मुलाकडे वळून म्हणाले, “लाव त्याला फोन.”